पायवाट वळवण्याची फी

अमेरिकेत, बॉथेलमधल्या आमच्या वसाहतीमागून एक सार्वजनिक पायवाट जाते, ती थेट लायब्ररीपाशी निघते. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, गाडी न चालवणाऱ्या आईवडिलांना एकट्यानं बाहेर पडायला तेवढीच सोय. माझे यजमान गेले, त्यानंतरच्या वसंतात तिथे नोटीस लागली. झाडीच्या जागी घरं होणार होती आणि पायवाट वळवणार होते. शिवाय वळवण्याची फी माफ करावी, असा बिल्डरचा अर्ज होता.

शेजारच्या घरी आलेले नागपूरचे काका चेकबुक घेऊनच आले.

"वहिनी, हरकतीची फी किती? आम्ही सात जण आहोत, वाटून घेऊ."

"फी बिल्डरनं भरायची, काका. आपण नाही."

"फुकट हरकत? मग ऐकणार कोण?" कोर्ट फी स्टँपसाठी त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात जागासुद्धा सोडली होती.

कित्येक दिवसांनी मला हसू आलं.

वाट वळवण्याच्या फीबद्दल मला ठाऊक होतं, कारण यजमानांनी सिटीत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बावीस वर्षं तेच काम केलं. त्या पैशांतून नोटिसा निघत आणि एक माणूस नवी वाट स्वतः चालून बघे. तो माणूस म्हणजे ते.

चारचौघांत बोलणं मला कधीच जमलं नाही. ते खातं यजमानांचं. सुनावणीला माझ्यामागे सात स्वेटर ओळीनं बसले होते. बिल्डरचा माणूस म्हणाला, "नकाशा अचूक आहे. चालून बघायचे पैसे कशाला?"

मी उठून कागदावरून वाचलं. असाच एक अचूक नकाशा घेऊन माझे यजमान भर पावसात गेले होते. वळणावर गुडघाभर पाणी साचलं होतं. त्यांनी वाट वर सरकवायला लावली. आज शाळेची मुलं तिथून जातात. फी माफ झाली, तर नकाशा मंजूर होईल. वाट मात्र कुणी पाहिलेली नसेल.

'यजमान' या शब्दाशी ओळ चुकली, पण पुढचं नीट वाचलं.

"हे तुम्हाला कसं माहीत?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"चिखलानं भरलेली ती पँट मी धुतली आहे."

तोही हसला.

महिन्याभरानं निकाल आला. फी कायम राहिली, आणि नवी वाट तपासून होईपर्यंत जुनी बंद करायची नाही, असंही ठरलं. तपासायला एक तरुण मुलगी आली, दोनदा चालली आणि उतार फार म्हणून काम परत करायला लावलं. वाट उघडली तेव्हा पानं गळू लागली होती.

"जुनीपेक्षा लांब आहे," काका कुरकुरले आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागले.

यजमान होते तेव्हा महाराष्ट्र मंडळात डॉक्टर, सॉफ्टवेअरवाले यांच्यात कुणी त्यांची चौकशी केली की मी "सिटीत असतात" म्हणून विषय बदलत असे. आता कुणी विचारलं की बसवून घेते आणि ते काय काम करत, ते सविस्तर सांगते.