अण्णामामांची तिथी आणि तीन जर्मन कचेऱ्या

लोक हायडेलबर्गला येतात, किल्ला बघतात, पुलावर फोटो काढतात आणि केक खाऊन परत जातात. इथे आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाईंनी किल्ला एका नजरेत निकालात काढला ("पडलाय की गं!") आणि म्हणाल्या, "मला अण्णा कधी गेला ते शोधून दे."

अण्णामामा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. पन्नासएक वर्षांपूर्वी इथून जवळच्या एका कारखान्याच्या गावात इंजिनियर म्हणून आले आणि वर्षभरात आजारपणात गेले. साताऱ्याला तार पोचली. तारेत बातमी होती, दिवस नव्हता. मग तार आली तोच दिवस धरला आणि तेव्हापासून त्याच तिथीला श्राद्धाचं पान वाढलं जातंय. माहेरी आता कुणी उरलं नाही, म्हणून आई, म्हणजे सासूबाईच, वाढतात. "पन्नास वर्षं चुकीच्या दिवशी जेवायला बोलावतेय बहुतेक त्याला," त्या म्हणाल्या.

मी श्राद्ध मानत नाही. हे मी व्यासपीठांवरून ठणकावून सांगितलंय आणि आईंच्या स्वयंपाकघरातही. पण माणसाच्या मरणाची नोंद त्याच्या माणसांना मिळालीच पाहिजे, हे मात्र मानते. टेर्मिन, म्हणजे कचेरीतली भेटीची वेळ, मिळेपर्यंत आईंचं परतीचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं.

बुधवारी निघालो. दोन गाड्या, दीड तास. महिन्याचा पास असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. फक्त चुकून वेगवान गाडीत चढू नका. सोबत दशम्या आणि लसणाची चटणी. डब्यातल्या जर्मनांनी खिडकी उघडायचा प्रयत्न केला, पण ती उघडणारी नव्हती.

मी महाराष्ट्रात वाढले. सरकारी कागद म्हटलं की माझे पाय आपोआप जिल्हा कचेरीकडे वळतात, म्हणून टेर्मिनही तिथलाच घेतला होता. खिडकीतल्या बाईंनी माझं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या मोटारींची नोंदणी करत होत्या. मामा मोटार असते तर पाच मिनिटांत काम झालं असतं! त्यांच्याकडून जे ज्ञान मिळालं ते तुम्हाला फुकट देते: जमिनीची नोंद न्यायालयाच्या कचेरीत, कराचे कागद करखात्यात आणि जन्म-मृत्यू-लग्न गावाच्या नगरपालिकेतल्या श्टांडेसाम्टमध्ये. इथे माणसाचे असे नीट तुकडे करून ठेवतात.

श्टांडेसाम्ट दहा मिनिटांवर. वाटेत बेकरीत गरम ब्रेत्झेल घेतला. आईंनी वरचं मीठ झटकून खाल्ला. "आई, तारीख मिळेल," मी म्हटलं.

"त्याच्याजवळ कुणी होतं का, तेही लिहितात का गं?"

"नाही हो आई. सरकारी कागदात असलं काही नसतं." मी अगदी जाणकाराच्या थाटात सांगितलं.

तिथल्या तरुण साहेबांनी आधी विचारलं, या मृताच्या बहीण आहेत याचा पुरावा काय? आईंचा शाळेचा दाखला होता, त्यावर नाव कुसुम. पासपोर्टवर सुनंदा, आडनावही वेगळं.

"या दोन बायका आहेत," साहेब म्हणाले.

"एकच आहे. लग्नात नाव बदललं."

"आडनाव समजलं. पहिलं नाव कुठल्या आदेशाने बदललं?"

मी सांगितलं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि ती नोंद कुठे आहे?"

मी भाषांतर केल्यावर आई शांतपणे म्हणाल्या, "सांग त्याला, त्याचा भात केला."

हसू आलं, आणि संतापही. बाईचं नाव पुसताना कुणालाही एक साधा अर्ज भरावा लागला नाही. ती बाई मीच, हे सिद्ध करायला मात्र तिने पंच्याहत्तरीत परदेशातल्या खिडकीशी उभं राहायचं! हे मी साहेबांना जर्मनमध्ये, आवाज चढवून सांगितलं. अर्धा तास गेला. मग त्यांनी सहज विचारलं, "मृत्यू कधीचा?"

"पन्नासएक वर्षांपूर्वीचा."

"मग आमच्याकडे नाहीच. तीस वर्षांनी मृत्यूची नोंदवही अभिलेखागारात जाते. तिथे कुणीही बघू शकतं, नातं सिद्ध करायला लागत नाही."

हे पहिलंच वाक्य असू शकलं असतं. अभिलेखागार शेजारच्याच इमारतीत, तळघरात. उघडं मंगळवारी आणि गुरुवारी.

गुरुवारी पुन्हा दीड तास, पुन्हा दशम्या. तळघरातल्या चष्मेवाल्या आजोबांनी नाव, अंदाजे वर्ष विचारलं आणि वीस मिनिटांत जाडजूड वही आणली. टंकलेखनातलं एक पान. ते बोट ठेवून वाचत गेले, मी मराठीत सांगत गेले. तारीख तारेच्या चार दिवस आधीची. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मी विजयी मुद्रेने वही मिटायला सांगणार, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अजून आहे. खबर कुणी दिली ते."

खबर घरमालकीण एल्झेबाईंनी स्वतः येऊन दिली होती. पुढचं वाक्य आजोबांनी दोनदा वाचलं: मृत्यूच्या वेळी आपण तिथे हजर होतो, असं त्यांनी सांगितलं.

मी ते मराठीत आणलं. आईंनी पदराने आधी चष्मा पुसला, मग डोळे. प्रत मिळाली, शुल्क थोडं, पण कार्ड चालत नाही, रोख न्या.

घरी फोनवर जुनं पंचांग काढलं. सप्तमी नव्हेच, तृतीया. आईंनी ते वहीत लिहिलं, खाली एल्झे हे नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेऊन मराठीत लिहिलं.

"पुढच्या वर्षी दोन पानं वाढेन," त्या म्हणाल्या. मग जरा विचारात पडल्या. "तिला तिखट चाललं असतं का गं?"

मी श्राद्ध मानत नाही. म्हटलं, "कमीच घाला, आई."