सरपंचबाईंच्या दिराची शेड

सुकत्या बोंबलांचा वास आला की आमच्या कोळीवाड्याची ती ग्रामसभा आठवते. एरवी सभेत मोठ्याने ओरडेल त्याचंच चालायचं आणि झालेले ठराव कुणी पाळायचं नाही. त्या दिवशी मात्र एका मासळीवालीने उठून सरपंचबाईंनाच विचारलं, "आमच्या मासळी सुकवायच्या जागेवर तुमच्या दिरानं शेड ठोकलीय, ती कोन काढनार?" "खाली बस!" सभेतली बापेमाणसं ओरडली. सरपंचबाईंनी टेबलावर हात आपटला. "गप बसा! तिचं बोलून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं न्हाय." मासळीवाली सगळं बोलली, भराभर हात वर झाले, ठराव झाला आणि दुसऱ्याच सकाळी सरपंचबाईंनी समोर उभं राहून दिराची शेड उतरवली. आम्ही बायका अक्षरशः नाचलो! गावाने गाव चालवायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आता सभेत मीही उभी राहते, आणि अजूनही उठताना अंगावर काटा येतो.