इदाल्बेर्तोने बदललेला प्रोसेसर

कामाग्वे शहरात बिघडलेली वस्तू कोणी टाकत नाही, ती इदाल्बेर्तोकडे नेतात. त्याच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची. तोंड मात्र कडू. "या पंख्यात एवढे केस आहेत, अख्खं मांजर विणून होईल," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावायचा.

समोरच्या सेनाइदाबाईंपुढे मात्र त्याची जीभ नरम व्हायची. लहानपणी अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा, यूनिएस्की, दूर उरुग्वेत हृदयाच्या दुखण्याने इस्पितळात पडला होता. बाईंच्या जुन्या लॅपटॉपवर त्याचा चेहरा अडखळत यायचा आणि ओठ हलून गेल्यावर आवाज यायचा.

"तो काय बोलतो ते मला धड कळू दे, एवढंच कर," बाई म्हणाल्या.

इदाल्बेर्तोने एका मेलेल्या लॅपटॉपातला दुप्पट ताकदीचा प्रोसेसर काढून बाईंच्या लॅपटॉपात बसवला. ताकद वाढली की उष्णता वाढणारच, आणि पंखा तर तोच. प्रोसेसरची उष्णता बाहेर ओढून घ्यायला त्यावर लावतात ती पेस्ट कित्येक महिने कुठे मिळत नव्हती. मग इथले सगळे करतात तेच त्याने केलं. बाळांना लावतात ते जस्ताचं मलम सिलिकॉनच्या तेलात घोटून तांदळाच्या दाण्याएवढं लावलं. स्वतःच्या उघड्या टेबलावर दोन तास चालवून पाहिलं, तापमान ब्याऐंशी अंशांच्या वर गेलं नाही.

"पलंगावर ठेवायचा नाही बाई, उशीवर तर मुळीच नाही."

"अरे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

हवा खालच्या जाळीतून आत जाते, हे त्याने सांगितलं नाही. इतकं साधं काय सांगायचं, असं त्याला वाटलं.

रविवारी दुपारी, ऑपरेशनच्या तासभर आधी, यूनिएस्की पडद्यावर आला. पहिल्यांदाच चेहरा स्वच्छ दिसत होता. अर्धा तास बोलणं झालं. मग तो म्हणाला, "आई, नीट ऐक, तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही." आणि लॅपटॉप बंद पडला. बाईंनी दोनदा चालू केला, दोनदा तो तसाच विझला. शेजारणीच्या फोनवरून लावेपर्यंत मुलाला आत नेलं होतं. तो परत शुद्धीवर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी इदाल्बेर्तो गेला. लॅपटॉप टेबलावरच होता, पण त्याखाली जाडजूड, खळ दिलेला क्रोशाचा रुमाल होता. इथे रेडिओ असो की फुलदाणी, जिवापाड जपायची वस्तू उघड्या लाकडावर कोणी ठेवत नाही. बाईंनी हा नवा, खास त्यासाठी विणला होता. खालची जाळी पुरती झाकली गेली होती.

"काय झालं रे या लॅपटॉपला?" बाईंनी विचारलं.

त्याने लॅपटॉप रुमालावरून उचलून काखेत घेतला.

"चूक माझी, बाई. पंख्याला झेपणार नाही असा प्रोसेसर बसवला मी. मलमही कुचकामी."

बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लेकाचं शेवटचं बोलणं तू खाल्लंस."

"हो, बाई."

बाईंनी ते गल्लीभर सांगितलं. आता लोक वस्तू दुसरीकडे नेतात. बायको, मिरेल्दा, रोज पिच्छा पुरवते. "तू असलं कच्चं काम करणारा नव्हेस. खरं काय ते मला तरी सांग." तो मान खाली घालून स्क्रू पिळत बसतो. मिरेल्दाला कळलं की संध्याकाळपर्यंत बाईंना कळेल, आणि मग त्या रागवायच्या कोणावर?