दत्तूचा डावा हात

सोहम आणि मीरा,

"चपला बाहेर, हातपाय धुवायचे, डावीकडच्या खुर्चीत बसायचं," असं दत्तू दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला आणि मगच हलला. हे सगळं मीच त्याला नुकतं सांगितलं होतं. माझी चेष्टा करतोय असं मला वाटलं. सातवीत असताना तो करायचा. पण आता केस पांढरे झाले होते आणि चेहरा अगदी गंभीर होता.

दत्तू श्रीगोंद्याकडच्या ऊस शेतकऱ्याचा मुलगा, माझा विद्यार्थी. इंग्रजीत कायम काठावर. पुढे हाच मुलगा एका मोठ्या विमानतळावर बसून दिवसभर इंग्रजी बोलू लागला. विमानांना कधी उतरायचं, किती उंचीवर राहायचं, हे सांगायचं त्याचं काम. "इतक्या वर्षांत एकाबी विमानानं माझं व्याकरण काढलं न्हाई, बाई," असं तो मला ऐकवायचा.

सांगितलेलं परत म्हणायचं, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. वैमानिकाने सूचना जशीच्या तशी परत म्हणायची आणि दत्तूने ती कान देऊन तपासायची. ही सवय त्याने घरीदारी आणली होती. आमच्या भाजीवाल्या मावशींना त्याने सांगितलं, "अर्धा किलो गवार, कोवळी." त्या "व्हय" म्हणाल्या. दत्तू हलेना.

"मावशी, नुसतं व्हय न्हाई. काय व्हय ते सांगा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, पाहुण्यांना ऐकू कमी येतं का?"

तो माझ्याकडे आला त्याला कारण होतं. त्याच्या कचेरीत नवी संगणकप्रणाली येत होती. आजवर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची. तिच्यावर पेनाने लिहायचं आणि डाव्या हाताच्या फळीवर ती वर-खाली सरकवायची. आता पट्ट्या जाऊन सगळं पडद्यावर येणार होतं. आधी चाचण्या, मग प्रशिक्षण, मग परीक्षा. दत्तू एकदा नापास झाला होता. पुन्हा झाला असता तर माईक काढून घेऊन त्याला फायलींच्या टेबलावर बसवणार होते. पंधरा दिवसांची रजा काढून तो थेट नगरला आला.

"बाई, सातवीत तुमी मला काठावर का हुईना, काढलं. आता परत काढा."

"अरे, मला विमानातलं काय कळतंय?"

"कळायचं न्हाई, बोलायचंय. तिथं परीक्षेला शेजारच्या खोलीत एक जन बसतो आन् सगळ्या वैमानिकांचं सोंग घेतो. ते सोंग तुमी घ्या."

आमच्या जेवणाच्या टेबलावर मीठदाणी विमानतळ झाली. लिंबू, कांदा, लसूण, वेलदोडा ही विमानं. समोर त्याचा लॅपटॉप, त्यात नव्या पडद्याची सरावाची नक्कल. आमचं सगळं इंग्रजीतून चालायचं. तुमच्यासाठी मराठीत लिहिते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वाक्याला "प्लीज" जोडलं. दत्तू म्हणाला, "बाई, तुमचं प्लीज संपंपर्यंत कांदा दौंडला पोचतो."

"मग थांबव की त्याला."

"कारखान्याच्या गेटावर उसाचा ट्रॅक्टर थांबतो, डायवर चहा पितो. हे थांबत न्हाई, बाई."

त्याची खरी अडचण मला दुसऱ्या दिवशी दिसली. मी उत्तर दिलं की त्याचा डावा हात आपोआप डावीकडे जायचा, नसलेल्या पट्टीकडे. दोनदा तो चटणीच्या वाटीत गेला. प्रशिक्षणातही सगळे याच हाताला हसले होते. मी त्याला तो हात मांडीखाली घेऊन बसायला लावलं, सातवीत लावायची तसंच. लगेच वेग आला. मला माझ्या शिकवण्याचा थोडा गर्वही झाला.

चौथ्या दिवशी मात्र वाटलं, याचे डोळे पडद्यावरून हलतच नाहीत. मी मुद्दाम परीक्षा पाहिली. त्याने कांद्याला अकरा हजार फुटांवर यायला सांगितलं. मी उत्तरात दहा हजार म्हटलं. दहा हजारांवर लिंबू होतं.

"बरोबर," म्हणून दत्तू लसणाकडे वळला.

मी कांदा उचलून लिंबावर ठेवला. त्याने तिकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. "दोनशे मानसं, बाई," एवढंच म्हणाला. पुढ्यातले पोहे तसेच राहिले. मग म्हणाला, "मीच जाऊन सांगतो. माईक काढून घ्या म्हनावं."

मला माझ्या मांडीखालच्या हुकुमाची शंका येऊ लागली होती. मी विचारलं, "पूर्वी उत्तर बरोबर आलं की तू काय करायचास?"

तो आठवू लागला. डावा हात मांडीखालून निघाला, त्याने हवेतच पट्टी धरली आणि उजव्या हाताने तिच्यावर बरोबरची खूण केली. मग दोन्ही हात तसेच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, ऐकायचं काम ह्या हाताकडं हुतं. त्यालाच तुमी कोंडलं."

चूक माझी होती, ती मी मान्य केली. हात मोकळा झाला. पट्टी नव्हती, म्हणून असं ठरवलं की उत्तर जुळलं तरच डाव्या अंगठ्याने तर्जनीला टेकायचं. उरलेल्या दिवसांत मी त्याला मनसोक्त फसवलं. खोकत, घाईत, गोड आवाजात. अंगठा एकदाही चुकीचा टेकला नाही.

परीक्षेनंतर त्याचा फोन आला. "बाई, भर गर्दीत त्यांनी खोटं उत्तर घुसवलं. पडद्यावर सगळं झ्याक दिसत हुतं. पन अंगठा टेकंना."

तो पास झाला. शिवाय नव्या प्रणालीबद्दलच्या अभिप्रायात त्याने लिहिलं की उत्तर जुळल्यावर खूण करायला पडद्यावर जागा हवी. पुढच्या सुधारणेत ती जागा आली. आता तो नव्या लोकांना शिकवतो. मला म्हणाला, "सातवीत ती बरोबरची खूण तुमी मला लई कमी दिली. आता दिवसभर समोर असती."

हे तुम्हाला लिहायचं कारण असं. दिवाळीला तुम्ही येणार. विमानतळावर कुठल्या दारातून बाहेर पडायचं, गाडी कुठे उभी असेल, स्वेटर कुठल्या बॅगेत वर ठेवायचे, हे मी फोनवर तीनदा सांगितलं आणि तुम्ही तिन्ही वेळा "ओके आजी" म्हणालात. तुमचं ओके म्हणजे आमच्या मावशींचं "व्हय". रविवारी फोन करीन तेव्हा मी सांगेन ते शब्दन् शब्द परत म्हणायचं. तोवर माझा अंगठा टेकणार नाही.

तुमची आजी