करकोचे उतरले ती सकाळ

देव आहे की नाही, या विषयावर परभणीला कॉलेजात असताना मी वादविवाद स्पर्धेत ‘नाही’ या बाजूनं बोललो होतो आणि पहिलं बक्षीस घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळा समजणार नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि शेतकीची पदवी घेतलेला साऱ्या गावात पहिला. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या हिवाळ्यात माझ्या या शिक्षणामुळंच माझ्या आत्याचा जीव जाता जाता राहिला. तो कसा राहिला, ते जसं घडलं तसं सांगतो. अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

माझे आई-वडील सालानं दुसऱ्याच्या शेतात राबायचे, म्हणून मला वाढवलं ते आत्यानं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. पेडगाव स्टेशनपासून कोसभर आत तिची सहा एकर काळी जमीन होती आणि ती जमीन तिनं साऱ्या शिवाराहून वेगळी ठेवली होती. लोकांनी बांध कोरून कोरून पायवाटेएवढे केले होते, हिचा बांध मात्र बैलगाडी जाईल एवढा रुंद. त्यावर बोरी, बाभळी, हिवर, तरवड, गुडघाभर गवत. कुऱ्हाड लावायची नाही, पेटवायचं नाही. ज्वारीच्या कडेच्या चार ओळी पाखरांच्या, तिथं गोफण फिरवायची नाही. मी कॉलेजातून आलो की हिशेब मांडून सांगायचो, आत्या, या बांधापायी तुझी अर्धा एकर जमीन वाया जाते. ती म्हणायची, “मंग पाखरांनी काय तलाठ्याकडून सातबारा आणावा का?”

तिचा हिवाळा पाखरांवरून चालायचा. शेपटी हलवत धोबी पाखरू गावातून रानाकडं येणाऱ्या पांदीत उतरलं की ती गोधड्या उन्हात टाकायची. करडईला काटे धरायच्या सुमारास भोरड्यांचे थवे यायचे. हजारभर पाखरं एकदम वळायची, आणि वळताना सारा थवा क्षणभर काळा, क्षणभर गुलाबी दिसायचा. लांब पंखांचा एक शिकारी पक्षी ज्वारीच्या कणसांवरून हातभर उंचीनं, पंख न हलवता फिरायचा. त्याला ती ‘चौकीदार’ म्हणायची. आणि करकोचे. ते दर हिवाळ्यात फार उंचावरून, कुर्र कुर्र करत ओळीनं जायचे. आत्या हातातलं खुरपं खाली ठेवून, मान वर करून, ओळ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. “येवढ्या वर्सात एकदा बी खाली उतरले न्हाईत,” म्हणायची. मला तिचं हसू यायचं. पण खरं सांगतो, मीही वर बघायचोच.

आता आंबेचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. हरभरा फुला-घाट्यावर आला की पहाटेच्या दवात त्याच्या पानांवर आंबट पाणी उतरतं. बायका सूर्य उगवायच्या आत धुतलेलं फडकं हरभऱ्यावरून फिरवतात आणि पिळून ते पाणी बाटलीत धरतात. तीच आंब. होस्टेलच्या जेवणानं माझं पोट कायमचं बिघडलं होतं, म्हणून आत्या दर हिवाळ्यात माझ्यासाठी आंब धरायची. मी तिला सांगितलं होतं की त्यात देवाबिवाचं काही नाही, ते ॲसिड असतं. ती म्हणाली, “आसू दे. मंग पिताना तुझ्या ॲसिडला हात जोड.” पिळून झालं की हाताला लागलेला थेंब ती आधी स्वतः जिभेवर ठेवायची, पुरती आंबट उतरली का ते बघायला.

त्या वर्षी हरभऱ्यावर घाटेअळी पडली. भारी पडली असं आज म्हणवत नाही, पण पदवी नवीन होती आणि मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी फवारणीचं काढलं, तर आत्या म्हणाली, “अळी खाईल, पाखरू अळीला खाईल, ऱ्हायलेलं आपुन खाऊ.” मी म्हणालो, अगं, औषध आहे ते. “औषध हाय तर तू पी की. तुझंच पोट दुखतंय.” चार दिवसांनी ती पूर्णेला गेली. तिथं तिचा चुलतभाऊ रेल्वेत होता, त्याच्या घरी कार्य होतं. मला बरंच झालं. मी शेजारच्या गावातून पंप मागून आणला आणि एका दुपारीत सारा हरभरा फवारून काढला. फवारलेल्या रानाला खूण करावी, माणसांना सांगावं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. पण खूण केली तर गावात बोभाटा होणार आणि आत्या आल्या आल्या बोलणार, म्हणून नाही केली. कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या फवारणीचं औषध आणायला म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परभणीला गेलो.

परभणीत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. दुकानं मिटलेली, एस. टी. जागेवर उभ्या. स्टेशनमागं एका वर्गमित्राच्या खोलीवर राहिलो. आत्या आणखी दोन दिवस येणार नाही अशा हिशेबानं मी निवांत होतो. तिसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी स्टेशनवर चहा प्यायला गेलो, तर आमच्या गावचे सटवाजीमामा वांग्यांचं डालगं डोक्यावरून उतरवत होते. बंद उठणार अशी खबर लागली म्हणून ते पहिल्या गाडीनं आले होते.

“काय साहेब, हितंच मुक्काम व्हय?” मामा म्हणाले. “तुमची आत्या तर काल सांच्याला आली. कार्यात मन लागंना म्हणली. लेकराचं पोट बिघडलंय, सकाळच्याला आंब धरती म्हणली.”

“कधी धरणार?”

“आता निघाली बी आसंल की. मी आलो तव्हा तिच्या घरात दिवा व्हता.”

चहाचा कप मी कुठं ठेवला, आठवत नाही. तपकिरीपायी आत्याचं नाक कधीच गेलं होतं, औषधाचा वास तिला येणार नव्हता. ती फडकं फिरवणार, भेगाळल्या हातांनी पिळणार आणि थेंब जिभेवर ठेवणार. माझ्यासाठी. एस. टी. सुरू नव्हती, सायकल मागायची तर ओळखीचं कुणी उठलेलं नव्हतं. तेवढ्यात पेडगाववरून मनमाडकडं जाणारी पॅसेंजर लागली. मी दारात उभा राहिलो. छोट्या रुळाची ती गाडी मला जन्मात एवढी हळू वाटली नव्हती. बाहेर उजाडत होतं, दोन्ही बाजूंना हरभऱ्यावर दव पांढरं दिसत होतं, आणि आत्या पोचायच्या आत ते उन्हानं विरून जावं एवढंच मला हवं होतं. ते माझ्या हातात नव्हतं. पळून गाडी वेगानं जाणार नव्हती, ओरडून आत्याला ऐकू जाणार नव्हतं. मी देवाकडं काही मागितलं असं म्हणणार नाही, मागायला मला तोंडच नव्हतं. पण दाराचा गार दांडा धरून मी मनात म्हणालो, आता माझ्यानं काही होत नाही, तूच बघ. ‘तू’ म्हणजे कोण, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

पेडगावला उतरलो तो धावतच सुटलो. चपला पांदीत कुठंतरी निघाल्या. बांधाजवळ आलो तर बोरीच्या आडोशाला आत्या उकिडवी बसलेली दिसली. फडकं खांद्यावर. मी ओरडणार, तेवढ्यात तिनं मागं न बघताच हात केला. खाली बस.

मी जवळ जाऊन फडक्याला हात लावला. कोरडं होतं. आधी माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मुठीत धरून बघितलं. कोरडंच होतं.

“आत्या, आंब...”

“हळू बोल की मेल्या. पाव्हणे आलेत.”

तेव्हा मी समोर बघितलं. बांध आणि हरभरा यांच्या मधे मूग काढून झालेल्या रानाची एक मोकळी पट्टी होती. ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत करकोच्यांनी भरली होती. दोन-तीनशे तरी असतील. राखी अंग, काळी मान, आणि डोळ्यापासून मागं लोंबणारा पांढराशुभ्र तुरा. काही एका पायावर उभे होते, काही ढेकळं चाळवत होते. पाठीवरचं दव उन्हात चमकत होतं. इतक्या पाखरांचा मिळून एक खोल, हलका आवाज येत होता, घरात माणसं झोपेत कूस बदलतात तसा. आयुष्यभर जे कोसभर उंचीवरून गेलं, ते आमच्यापासून पन्नास पावलांवर उभं होतं. मी कशासाठी धावत आलो, ते त्या क्षणी मी विसरलो. खोटं कशाला सांगू, खरंच विसरलो.

“कव्हाची बसलीयस?” मी विचारलं. तिच्याजवळ बसलो की माझी बोली परत यायची.

“तांबडं फुटायच्या आदी उतरले. मी पांदीतून वर आले, तर हे पुढ्यात. आता त्यायच्यातून कशी जाऊ? भिऊन उठले तर पुन्यांदा कशाला येतेल? आंब उद्या धरते. एक दिवस न्हाई पिलास तर मरायचा न्हाईस.”

तिचा रस्ता त्या पाखरांनी अडवला होता, आणि तिला तो अडवलेला वाटतही नव्हता. मी म्हणालो, “आत्या, हरभऱ्यावर मी विष मारलंय. परवा. तुला न सांगता.”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडं बघितलं, पालथे केले, उलथे केले. मग एकदम तिची मान वर झाली, कारण पुढचे चार-सहा करकोचे ढेकळं सोडून हरभऱ्याच्या दिशेनं चालू लागले होते.

“मंग बसलास काय?” ती म्हणाली. “ऊठ.”

जिनं पाखरावर कधी खडा उचलला नाही, ती माझी आत्या पदर खोचून, फडकं डोक्यावर फिरवत, हाऽ हाऽ करत त्या पट्टीत धावली. मी तिच्या मागं. सारा थवा एकदम उठला. पंखांचा वारा तोंडावर आला, दव उडालं, क्षणभर ऊन झाकलं गेलं. मग ते गिरक्या घेत वर वर चढले, आवाज लांब गेला, आणि ओळ धरून ते दक्षिणेकडं निघून गेले. त्यांच्यातल्या एकाचाही पाय हरभऱ्याला लागला नाही. आत्या रानाच्या मधोमध उभी होती. तिला दम लागला होता.

“जल्मभर वाट बघितली,” ती म्हणाली, “आन् मीच हाकलले.”

मला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. घरी येऊन चूल पेटवली, भाकरी थापली आणि ताट पुढं सरकवताना एवढंच म्हणाली, “माझं जाऊ दे. बायका भाजी खुडायला येतेत, मेंढरं येतेत. त्यायला कोण सांगंल?” दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं रोज उजाडता बांधावर जाऊन बसायला लागलो, औषधाचा जोर उतरेपर्यंत. येईल त्या बाईला, मेंढक्याला मी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा तिचा हुकूम होता. एक बाई हसून म्हणाली, “काय ओ साहेब, हरभरा राखायलाव का आत्याला?” मी सांगितलं, बाई, मी न सांगता विष फवारलंय, पाल्याला हात लावू नका. ती टोपली काखेला मारून गुमान निघून गेली. आधी जीभ जड व्हायची. पुढं पुढं होईना झाली.

करकोचे का उतरले, याचं कारण पुस्तकात सापडतं. रात्रभर उडून थकलेला थवा मोकळं रान बघून उतरतो. मी ते वाचलं आहे आणि खोटं मानत नाही. पण त्याच सकाळी, त्याच पट्टीत, आत्या आणि हरभरा यांच्या मधे ते कुणी उभे केले, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही, आणि शोधायचा हट्ट मी सोडला आहे. एवढं समजलं की माझ्या हातून सुटलेलं कुणीतरी झेलत असतं. ते झेलल्यावर उरलेलं काम मात्र मलाच करायचं असतं, आणि ते मान खाली घालून केलं की हलकं वाटतं.

राखणीच्या शेवटच्या दिवशी आत्यानं मला पहिल्यांदा हरभऱ्यात पाय टाकायला सांगितलं. रान मुकं होतं. मुंगी नाही, माशी नाही, कुठं काही हलत नव्हतं. मी वाकून ओळीमागून ओळ बघत गेलो. अगदी पल्याडच्या बांधालगतच्या ओळीत दोन झाडांच्या मधे कोळ्यानं जाळं विणलं होतं. वीतभर असेल. रात्रीच विणलेलं असावं, कारण एकही धागा तुटलेला नव्हता, आणि धाग्याधाग्यावर दव. बांधावरच्या त्या गवतातून तो आत आला होता, मी विष घातलेल्या रानात. मी आत्याला हाक मारली. ती आली, वाकली, आणि तिनं हात जोडले. मीही जोडले. कुणाला, ते तिनं विचारलं नाही.