तेलाचं बोट

फोन आला तेव्हा मी बिरड्याचे वाल सोलत बसले होते. नारळी पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली. उरलेला नारळीभात सुधीर तोंडात घालायचा नाही, त्याला दुसऱ्या दिवशी बिरडंच लागायचं, म्हणून वाल आधीच भिजत घातले होते. त्याच्याबरोबर लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करणाऱ्या माणसाचा फोन होता. "ताई, तुम्ही दिंडोशीला या. सुधीरभाऊंना जरा बरं नाही." एवढंच सांगायला माणसाचा आवाज असा कापत नाही, हे मला कळलं. तरी मी हातातला वाल पूर्ण सोलला. मग आणखी एक सोलला… गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तो हातात पाना घेऊन भिंतीला टेकून बसला होता आणि तिथून उठलाच नाही. छप्पन्न वर्षांचा माझा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला जेवायला घालणं आणि ओरडणं ही दोन्ही कामं माझ्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. माझं लग्न झालं नाही, त्याने केलं नाही. घाटकोपरच्या आमच्या जुन्या वसाहतीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी साड्यांना फॉल लावायचे, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मी बोलायचे, तो ऐकायचा. आमच्या घरात चूक नेहमी त्याची असायची. मी आजवर कोणाला ‘चुकले’ म्हटलेलं नाही, त्याला तर नाहीच नाही.

तीन वर्षांपूर्वी तो एका मॉलमध्ये कामाला गेला होता. तिथे लहान मुलं आणि मोठी माणसं जमिनीला टेकतील अशा बुटक्या गाड्यांत बसून गोल गोल फिरत होती. गो-कार्ट म्हणतात त्याला. घरी येऊन म्हणाला, यात आहे काय, एक खुर्ची आणि एक इंजिन, मी घरी करतो. मी म्हटलं, या वयात? तो हसला आणि गावी गेला. येताना टेम्पोतून बाबांचा पंप घेऊन आला. मिल बंद पडल्यावर बाबा गावी परतले होते, त्यांनी सुपारीची बाग केली होती. तिला पाणी देणारा तो पेट्रोलचा पंप त्यांच्या मागे मांगरात, बागेतल्या खोपटात, गंजत पडला होता. सुधीरने पंपाचा भाग काढून टाकला आणि इंजिन तेवढं ठेवलं. इमारतीमागच्या शेडमध्ये लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर ते बसवलं. शेजारचे पेडणेकर जन्मभर गॅरेजात राबलेले, त्यांनी वेल्डिंग करून दिलं.

गाडी चालू झाली खरी, पण दहा पावलं गेली की चेन उतरायची. तो चेन घट्ट करायचा, तर गाडी कुरकुरायची. सैल करायचा, तर चेन पुन्हा खाली. महिनाभर हेच चाललं. एका रविवारी माझ्याकडे जाड दोरा मागायला आला आणि मलाच खाली घेऊन गेला. इंजिनाकडचं लहान दातेरी चाक आणि मागच्या आसावरचं मोठं, दोन्ही एका रेषेत आहेत का ते दोरा ताणून बघायचं होतं. "ताय, दोरो घट्ट धर गो," म्हणाला. मला लाडीगोडी लावायची असली की तो मालवणीवर यायचा. मी उकिडवी बसून दोरा धरला. लहान चाक दोऱ्यापासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं आत होतं. मग एकेक वायसर घालून तो चाक बाहेर आणत गेला आणि मी दर वेळी दोरा धरत गेले. चेन किती सैल हवी तेही मला दाखवलं, मधोमध बोटाने दाबली की अर्धं बोट खाली जायला हवी. त्या संध्याकाळी चेन उतरली नाही. त्याने आधी मला सांगितलं, मग पेडणेकरांना… आता आठवलं की वाटतं, त्या रविवारी आम्ही दोघं जितकं बोललो तितकं त्याआधी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मात्र मी वाट लावली. सुधीर कामावर गेला होता. घरातल्या शिलाई मशीनची, कात्रीची, त्याच्या पान्यांची पूजा करून मी ताट घेऊन शेडमध्ये गेले. बाबा दर वर्षी पंपाला खोबरेल तेलाचं बोट लावत, म्हणजे कुंकू लोखंडावर ठरतं. मीही लावलं. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. लहान चाकामागे एक भोकं असलेली वाटी होती. गाडी निघताना ती चिरकायची, ते मला आठवलं. शिलाई मशीन कोरडं पडलं की मी तेल सोडते, तसं त्या भोकांतून वाटीभर खोबरेल आत सोडलं आणि झेंडूचं फूल वाहून वर आले.

दुसऱ्या दिवशी दसरा. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. त्याने पुन्हा चेन तपासली, पेट्रोल तपासलं, मागची चाकं उचलून फिरवली. दिवाळी तोंडावर आली तरी हेच. मला काही कळत नव्हतं, म्हणून मी रोज विचारायचे, झाली का रे तुझी आगगाडी सुरू? शेवटी एका दुपारी त्याने ती वाटी खोलली. जेवताना म्हणाला, "त्याला क्लच म्हणतात ताई. वेग वाढला की आतले तुकडे बाहेर सरकून वाटीला धरतात. तिथे तेल गेलं की धरतच नाहीत, नुसते घसरतात."

माझा घास हातात राहिला. तो ताटाकडे बघत होता. थोडा वेळ थांबून म्हणाला, "बाबांच्या इंजिनाचं सील गेलं असणार. तिथूनच गळलं."

मी म्हटलं, असेल, जुनंच आहे ते. आणि त्याला आमटी वाढली.

त्याने पेट्रोलने धुऊन, घासून सगळं पुन्हा बसवलं. गाडी चालली. आवारात त्याने दोन फेऱ्या मारल्या, पेडणेकरांनी टाळ्या वाजवल्या. मग गाडी माझ्यापुढे आणून उभी केली आणि म्हणाला, बस. मी बसले नाही. आधी सांगेन, मग बसेन, असं मनाशी ठरवलं होतं. नंतर तो दर रविवारी विचारायचा आणि मी कधी गुडघ्याचं, कधी उन्हाचं निमित्त करायचे. तीन शब्द होते… तेल मी घातलं. नऊ महिने ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. जन्मभर ज्याला घालूनपाडून बोलले, त्याच्यासमोर माझी जीभ नेमकी तेव्हाच उचलली नाही.

गेल्या आठवड्यात पेडणेकर आले. शेडमधली जागा सोसायटीला हवी होती, गाडीचं काय करायचं ते विचारायला. आम्ही दोघांनी तिच्यावरची ताडपत्री काढली. पुढच्या नळीवर, इंजिनापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, तळहाताएवढा एक पत्रा बसवलेला होता. घासून लख्ख केलेला, चारी कडा वर वळवलेल्या. हा मी कधी पाहिला नव्हता. पेडणेकरांना विचारलं, हे काय?

"उन्हाळ्यात करून घेतलं माझ्याकडून," ते म्हणाले. "म्हणाला, खंडेनवमीला ताईला तेल लावायला जागा हवी ना. कडा वळवून द्या, ओघळलं तरी खाली जायला नको."

"त्याला माहीत होतं?"

"क्लच खोलला तेव्हा शेडभर खोबरेलाचा वास सुटला होता, ताई. इंजिनाच्या तेलाला तसा वास कुठे असतो? मला म्हणाला, तिला बोलू नका."

मी वर आले आणि सोफ्यावर बसून राहिले. मला राग आला, आधी त्याचा, मग माझा. ओरडायला हवं होतं त्याने एकदा. त्या जेवणाच्या वेळी तो थांबला होता ना, तो मी बोलावं म्हणूनच थांबला होता. मी बोलले नाही, तेव्हा माझी चूक त्याने बाबांच्या इंजिनावर ढकलली आणि मला मोकळं केलं. मी मात्र मोकळी झालेच नाही. तो खाली माझ्यासाठी पत्रा घासत होता आणि मी वर त्याला गुडघ्याची कारणं सांगत होते.

सोसायटीला मी सांगितलं आहे, गाडी हलणार नाही. परवा खंडेनवमी आहे. वर्षाच्या आत आमच्याकडे सण नाही, त्यामुळे यंदा पूजा नाही, हळदकुंकू नाही, तेलही नाही. रोज सकाळी खाली जाते आणि पदराने तो पत्रा पुसते. चेन मधोमध दाबून बघते, अजून अर्धं बोटच खाली जाते. आज पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. गुडघे दुखले नाहीत. तेल मी घातलं, असं मोठ्याने म्हटलं… शेडमध्ये कोणीच नव्हतं.