दार आतून उघडणारी बोट

गारठा कुठल्याही नव्या खोलीत शिरला की आधी दार बघतो. खोली नाही, माणसं नाहीत, समोर आलेला चहा तर नाहीच. दाराला आतून मूठ आहे का, ती फिरते का, फिरवल्यावर कडी खरंच मागे सरकते का, एवढी खात्री झाली की मग तो यजमानांकडे वळून हसतो. त्याच्या घरातल्या झोपायच्या खोलीचं दार एकतीस वर्षांत एकदाही पूर्ण लागलेलं नाही. फटीत एक जुनी चप्पल अडकवलेली असते. थोरल्या मुलीच्या सासरच्यांनी पहिल्याच भेटीत त्या एकट्या चपलेबद्दल विचारलं, तेव्हा बायकोनं शांतपणे सांगितलं, "ती नोकरीवर आहे."

गारठा हे अर्थातच टोपणनाव. पस्तीस वर्षं शीतगृहात मेकॅनिक म्हणून काढलेल्या माणसाला याहून वेगळं नाव मिळण्याची शक्यता कमीच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो लोण्याच्या खोक्यांबरोबर एका खोलीत एक तास पन्नास मिनिटं कोंडला गेला होता. तापमान उणे अठरा. अशा खोलीच्या दाराला आतून एक मूठ असते. बाहेरून कुलूप असलं तरी ती ढकलली की दार उघडतं. आत कोणी अडकू नये एवढ्याचसाठी ती असते. त्या दिवशी ती नव्हती. दुरुस्तीसाठी काढून, स्वच्छ पुसून, कोणीतरी बाहेरच्या टेबलावर ठेवली होती. तो कोणीतरी म्हणजे गारठा. जेवायच्या सुट्टीत त्याचा डबा उघडला गेला नाही हे एका सोबत्याच्या लक्षात आलं, म्हणून पुढची चौतीस वर्षं झाली.

त्या चौतीस वर्षांत त्याला आणखी एक सवय लागली. शीतगृहाचं दार नुसतं लोटून भागत नाही. खांदा लावून 'ठक्' असा आवाज येईपर्यंत दाबावं लागतं, नाहीतर फटीतून दमट हवा शिरते, भिंतींवर बर्फ धरतो आणि साहेब बोलतात. म्हणजे बंद दाराला जगात सर्वांत जास्त घाबरणारा माणूस दारं सर्वांत घट्ट बंद करण्याचा पगार घेत होता. या दोन गोष्टी एकाच अंगात गुण्यागोविंदानं राहत होत्या, कारण त्यांची कधी समोरासमोर गाठ पडली नव्हती.

बोटीची कल्पना त्याची नव्हे, हे सांगायला नकोच. त्याची बायको जलमार्ग खात्यात नकाशे काढायची. अठ्ठावीस वर्षं तिनं ट्रेसिंग पेपरवर खाड्या काढल्या: कुठे किती खोल, कुठे गाळ, कुठे झाडांची मुळं पाण्यात उतरलेली. त्यांतली एकही तिनं पाहिली नव्हती. खात्याच्या मते काढण्यासाठी पाहण्याची गरज नव्हती. निवृत्तीच्या दिवशी ती एक गुंडाळी घेऊन घरी आली, जेवणाच्या टेबलावर पसरली आणि तिनं लाल पेन्सिलीनं अकरा खाड्यांभोवती गोल केले.

"एकेकीत चार-चार दिवस राहायचं," ती म्हणाली. "छोटी शिडाची बोट घ्यायची. ट्रेलरवर चढवून गाडीमागे ओढत न्यायची, खाडीत उतरवायची, राहायचं, परत ओढून पुढच्या खाडीला."

"आणि झोपायचं कुठे?"

"बोटीत. केबिन असते."

"केबिनला दार असतं?"

"असणारच."

गारठ्यानं ताट अर्धं ठेवलं.

पण ती अठ्ठावीस वर्षं थांबली होती आणि त्याच्या चपलेला एकतीस वर्षांत एकदाही नावं ठेवली नव्हती. त्याला नाही म्हणता आलं नाही. तिनं वहीत यादी केली. वजन आपल्या गाडीला ओढवेल एवढंच. तळाचं पातं वर ओढता यावं, म्हणजे गुडघाभर पाण्यातही बोट चालेल. रंग पांढरा, गडद रंगावर उन्हात पाय ठेवता येत नाही. वरून पूर्ण ताडपत्रीची सावली. हवा पुढून आत, मागून बाहेर. गाद्यांखाली जाळी, नाहीतर दमटपणानं आठवड्यात बुरशी. त्या खाड्यांकडे वर्षातले दहा महिने हवा ओल्या टॉवेलासारखी असते, हे तिला नकाशाच्या समासातल्या टिपांवरून माहीत होतं. यादीच्या तळाशी त्यानं आपल्या अक्षरात एक ओळ घातली: दार आतून उघडतं का.

त्या ओळीची परीक्षाही त्यानंच ठरवली. तो आत जाणार, ती बाहेरून दार लावून मोठ्यानं शंभरपर्यंत मोजणार, प्रत्येक दहाला तो आतून टकटक करणार. शंभर झाले की त्यानं आतून, कोणाच्या मदतीशिवाय, दार उघडायचं.

पहिल्या बोटीतून तो बत्तीसला बाहेर आला. दार उत्तम उघडत होतं. उघडत नव्हता तो त्याचा श्वास. शिवाय बोट गडद निळी होती.

दुसऱ्या बोटीला दारच नव्हतं. ती रुंद, बसकी आणि दिसायला अगदी सामान्य होती. केबिनच्या तोंडावर कॅनव्हासचा पडदा होता आणि वारा एका टोकानं शिरून दुसऱ्या टोकानं निघून जात होता. बायको आत बसून पाच मिनिटं काहीच बोलली नाही, हे तिच्या बाबतीत चांगलं लक्षण. गारठ्यानं मात्र वहीत लिहिलं: परीक्षा लागू नाही.

"अहो, दारच नाही म्हणजे अडकायचा प्रश्नच मिटला ना?"

"जे बंदच होत नाही ते उघडतं की नाही, हे कळणार कसं?"

"तुम्हाला घाबरायलासुद्धा नियम लागतात," ती म्हणाली. पण यादी दोघांची होती. उतरताना त्याचा गुडघा मुरगळला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दाराविना पडलात."

तिसरी बोट विक्रीच्या त्याच आवारात, पण पार दुसऱ्या टोकाला ट्रेलरवर उभी होती. दुपारचे बारा वाजले होते. बोटी विकून देणारा दलाल छत्री घेऊन पुढे चालत होता. बोट देखणी होती: पांढरी, निमुळती, पॉलिश केलेलं लाकूड. केबिनच्या तोंडाशी तीन फळ्या, खाचेत एकावर एक सोडायच्या, आणि वरून एक सरकतं झाकण ओढून अडकवायचं. मालकानं आठ महिन्यांत बोटीला हात लावलेला नव्हता. दलालानं हे "जपून ठेवली आहे" अशा शब्दांत सांगितलं आणि तो ट्रेलरची कागदपत्रं आणायला ऑफिसकडे गेला.

गुडघ्यामुळे गारठ्याला आत उतरता येईना.

"मी जाते," बायको म्हणाली. "तुम्ही मोजा. एकदा बाहेरची बाजूही बघा कशी असते."

ती आत गेली. त्यानं पहिली फळी सोडली, मग दुसरी. तिसरी अर्ध्यावर अडली. आठ महिन्यांच्या दमट हवेनं लाकूड फुगलेलं होतं. दुसऱ्या कोणीही ती तशीच ठेवली असती. गारठ्यानं आधी मुठीनं दोन ठोसे दिले, मग खांदा लावला, आणि 'ठक्' असा आवाज आला. तो आवाज ऐकून त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. मग त्यानं झाकण ओढून अडकवलं आणि मोजायला लागला.

दहाला टकटक झाली. वीसला झाली.

"कुबट वास आहे," आतून आवाज आला. "लिहा."

तीसला टकटक झाली.

"गादी खालून ओली आहे. हवेची भोकं चिंध्यांनी बुजवलीत. ही बोट नको. पुरे, उघडते मी."

खालून फळीवर धक्का बसला. मग आणखी एक. मग झाकणाला. गारठ्यानं झाकणाची कडी काढून ते मागे ओढलं; ते बोटभर हललं आणि थांबलं. वरच्या फळीनं त्याला खालून उचलून धरलं होतं. फळी त्यानं दोन्ही हातांनी ओढली. तिला धरायला मूठ नव्हती. मूठ आतल्या बाजूला असावी हे बोट बांधणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि बाहेरच्या बाजूलाही आलं नव्हतं.

"अहो, निघत नाहीये."

"पुढच्या टोकाला छतात एक झाकण असेल, ते?"

सरपटल्याचा आवाज. मग लांबून: "चिकटवून टाकलंय. गळत असणार."

गारठ्याच्या खिशात थर्मामीटर होता. तो कायम असे. सावलीत अडतीस होते. बंद फायबरची खोली, डोक्यावर ऊन, आत एक माणूस, हवेला वाट नाही. असली गणितं त्यानं पस्तीस वर्षं केली होती, फक्त उलट दिशेनं. उत्तर त्याला लगेच आलं आणि ते त्याला नको होतं. कानात पाणी भरल्यासारखं झालं. आत अडकलेल्या माणसाला काय होतं हे त्याला इंच-इंच माहीत होतं. बाहेरच्याला काय होतं, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"घाबरू नका," आतून आवाज आला.

"मी कुठे घाबरलोय?"

"आवाज चिरकतोय तुमचा."

"तू बोलत राहा."

ती बोलली नाही. त्यानं फळीवर टकटक केली. उलट टकटक आली नाही. त्यानं तिला हाक मारली, मग पुन्हा मारली, मग दलालाला मारली. दलाल छत्री सावरत पळत आला, सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, "फळी फोडावी लागेल. मालकांना विचारतो." आणि त्यानं खरंच फोन लावला. मालक उचलत नव्हते.

अडकलेलं दार ओढायचं नसतं, दाराची चौकट सोडवायची असते. हे गारठ्यानं कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं, आणि ते त्याला आत्ता आठवलं ते डोक्यात नव्हे, हातात. झाकण दोन पट्ट्यांमध्ये सरकत होतं. प्रत्येक पट्टीला चार स्क्रू, पितळी, हिरवे पडलेले. पेचकस शर्टाच्या खिशात होता. पहिल्या स्क्रूवर तो तीनदा घसरला आणि गारठ्याच्या अंगठ्यात शिरला. रक्तानं मूठ आणखी निसटायला लागली. त्यानं ती शर्टाला पुसली. दुसरा निघाला. तिसरा. आत काहीही हलत नव्हतं. दलालानं नंतर सांगितलं की हा माणूस पूर्ण वेळ मोठमोठ्यानं आकडे म्हणत होता. आठवा स्क्रू निघाला तेव्हा तो दोनशे बेचाळीसवर होता.

झाकण पट्ट्यांसकट उचलून फेकल्यावर तोंडावर आली ती हवा नव्हती, वाफ होती. बायको खाली पालथी पडलेली होती. तिचं तोंड केबिनच्या मधोमध एका भोकाशी होतं आणि ती हलत नव्हती.

मग तिनं मान वर केली.

"तळाचं पातं," ती म्हणाली. चेहरा लालभडक झाला होता, शब्द सुटे-सुटे येत होते. "वर ओढायचं, म्हणजे बोटीच्या तळाला फट हवीच. वरचं बूच काढलं. गार हवा येते. बोलले असते तर तोंड काढावं लागलं असतं."

दोघांनी मिळून तिला वर ओढलं. दलालानं पाणी आणलं, अर्धं तिच्या डोक्यावर ओतलं, अर्धं तिला दिलं. ट्रेलरच्या सावलीत बसून ती बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली.

"फळी कुणी लावली?" तिनं शेवटी विचारलं.

"मी."

"कशी?"

"नेहमीसारखी."

"हो. ऐकलं मी," ती म्हणाली. "मला वाटलं, छान लागलं."

डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली. तिनं नऊ दिवस घेतली. नकाशा टेबलावरून गुंडाळून कपाटावर गेला. गारठ्याला सर्वांत जास्त भीती वाटली ती चौथ्या दिवशी, जेव्हा न्हाणीघराच्या दाराच्या फटीत त्याला एक चप्पल दिसली. त्याच जोडीतली दुसरी. इतकी वर्षं तिनं ती कुठे ठेवली होती कोण जाणे. आत पाण्याचा आवाज येत होता, आणि आवाजाच्या मध्ये मध्ये ती दार हलवून बघत होती. त्याची भीती त्याला पाठ होती. तिच्या अंगावर ती पाहून त्याला ती ओळखू येईना. तो बाहेर स्टुलावर बसून राहिला. अकरा खाड्या आपण एका 'ठक्'मध्ये बंद केल्या, हे त्याला तिथे नीट कळलं.

दहाव्या दिवशी त्यानं कपाटावरून नकाशा काढला, पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"दुसरी बोट बघून येऊ," तो म्हणाला. "पडद्याची."

"परीक्षा लागू नाही म्हणाला होतात."

"लागू करू."

तिनं पहिल्या लाल गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सकाळी जाऊ. दुपारी नको."

सकाळी आठला ते आवारात पोचले. बोट होती तशीच होती, रुंद आणि बसकी. बायको केबिनच्या तोंडाशी आली आणि थांबली. तिचा हात कठड्यावर पांढरा पडला होता. हा पांढरेपणा गारठ्याला माहीत होता.

"मी जातो आत," तो म्हणाला. "तू मोज."

"तुमचा गुडघा."

"गुडघा गेला खड्ड्यात."

"नको. मीच जाते." ती वाकून आत गेली आणि अगदी पडद्याशी बसली. "पडदा सोडू नका." मग थोड्या वेळानं: "सोडा."

त्यानं पडदा सोडला. सवयीनं त्याचा हात कडेवरून फिरला, कॅनव्हास चौकटीवर दाबला गेला. कसलाही आवाज झाला नाही. आतून वारा आला आणि पडदा त्याच्या तळहाताखाली फुगला. त्यानं हात काढून घेतला, जणू चटका बसला असावा, आणि मोजायला लागला.

सातला पडद्याखालून तिचा हात बाहेर आला आणि त्यानं गारठ्याचा घोटा घट्ट धरला.

"काढू पडदा?"

"मोजत राहा."

तो मोजत राहिला. दहाला तिनं दुसऱ्या हातानं आतल्या लाकडावर टकटक केली. वीसलाही केली. बाहेरचा हात घोट्यावरून हलला नाही.

दलाल छत्री मिटून उभा होता. "पडदाच तर आहे," तो म्हणाला. "मोजायचं काय त्यात?"

गारठा एकसष्टवर होता.